रविवारची दहा मिनिटं

दि. ४ मार्च

चि. ढब्बूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, तिकडे तुम्ही दोघं नवराबायकोही मजेत असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. इकडे कोणी मजेत नाही. तुझी गाडी बंद पडली आहे आणि तिच्यापायी घरातली तीन माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत.

एवढं फोनवर का सांगितलं नाही, असं विचारशील. तुझा फोन येतो रविवारी. बाबा तो टेबलाच्या मधोमध ठेवतात, स्पीकर लावतात, आई विचारते जेवलास का, बाबा विचारतात तिकडे हवा कशी आहे, आणि माझी पाळी येईपर्यंत तुला कुठेतरी निघायचं असतं. मोबाइलवर सविस्तर लिहावं तर तू अंगठ्याचं चित्र पाठवतोस. मागे आईच्या गुडघ्याचं सगळं रामायण लिहिलं होतं, त्यावरही अंगठाच आला. म्हणून हे पत्र. हे तुला निदान उघडावं तरी लागेल.

तर झालं असं. गेल्या सोमवारी सकाळी आईचा गुडघा असा आखडला की तिला पलंगावरून उतरवेना. टॅक्सीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, तुमची गल्ली चढाची आहे, नाक्यापर्यंत या. आईला नाक्यापर्यंत चालता आलं असतं तर टॅक्सी कशाला हवी होती? मी म्हटलं, खाली गाडी उभी आहे, काढते. बाबांचा चेहरा असा झाला की जणू मी शेजाऱ्यांची गाडी पळवायला निघाले होते.

"ती त्याची गाडी आहे," ते म्हणाले.

"गुडघा आईचा आहे," मी म्हटलं.

जाताना तू काय सांगून गेलास ते तुला आठवतही नसेल. टॅक्सीत बसता बसता म्हणालास, "बाबा, दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत जा, म्हणजे खराब होणार नाही. दोन वर्षांत आलोच मी." तू विमानतळावर पोचेपर्यंत विसरलासही असशील. पण तू हे कोणाला सांगत होतास? ज्या माणसाने जन्मभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर तपासले, आणि जो औषधाच्या बाटलीवरचं 'वापरण्यापूर्वी हलवा' आधी मोठ्यांदा वाचतो आणि मगच बाटली हलवतो, त्याला. नऊ वर्षं झाली. ताप असो, घरात पाहुणे असोत, रविवारी सकाळी बाबा किल्ली घेऊन खाली जातात. त्यांना गाडी चालवता येत नाही, हे तुला माहीत आहे. त्यांना किल्ली फिरवता येते, गिअर मोकळा आहे ना हे बघता येतं आणि हातब्रेक ओढता येतो. एवढं करून ते घड्याळ लावून दहा मिनिटं बसतात, मग किल्ली फिरवून वर येतात आणि तुझ्या फोनची वाट बघतात.

बसतात तेही कसे? तुझे पाय लांब म्हणून तू सीट पार मागे सरकवून ठेवलेली. ती त्यांनी आजवर कोणाला हलवू दिलेली नाही. त्यामुळे दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणारी माणसं बसतात तसे ते सीटच्या कडेवर बसतात. सोमवारी मी सीट पुढे घ्यायला वाकले तर म्हणाले, "राहू दे, त्याचं माप आहे." आई जिन्यात कण्हत उभी. वाद कुठे घालू? घरातून दोन उशा आणल्या, पाठीमागे कोंबल्या आणि निघाले. आमच्या खोक्यांच्या कारखान्याचा ड्रायव्हर दांडी मारतो तेव्हा मालाने भरलेली व्हॅन मी सबंध शहरातून फिरवते रे. आणि घरच्या गाडीत मी उशांवर.

पुलाच्या चढावर गाडी थरथरली, मागून पांढरा धूर निघाला आणि ती जी बसली ती बसलीच. मागे ही रांग. हॉर्नचा नुसता गोंगाट. बाबा मागच्या सीटवरून म्हणत होते, "रविवारी तर चालू झाली होती." तेच त्यांनी हवालदारालाही सांगितलं, मागच्या ट्रकवाल्यालाही. आई म्हणाली, मला या गाडीचा रंग पहिल्यापासूनच आवडला नव्हता. शेवटी गाद्या घेऊन चाललेल्या एका टेम्पोने आम्हाला दोर बांधून ओढलं. आई टेम्पोत पुढे बसून दवाखान्यात गेली. सबंध दिवसात मजा आली ती तिला एकटीला.

गाडी आता पुलाखालच्या गॅरेजमध्ये आहे. तिथल्या मिस्त्रीला काहीही विचारा, तो आधी 'बघूया' म्हणतो, म्हणून आम्ही त्याचं नावच बघूया ठेवलं आहे. बघूयाने आधी सांगितलं बॅटरी गेली. बॅटरी बदलली. मग म्हणाला पंप असेल. पंप काढून परत बसवला. मग एकदाचं इंजिन उघडलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं. आता म्हणतो इंजिन पूर्ण उतरवून नव्याने बांधावं लागेल, आणि त्यापेक्षा ही मोडीत काढा, माझ्या मेहुण्याकडे एक आहे, फार थोडी चाललेली, एका डॉक्टरांची. विकायला काढलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच कशी असते, हे मला कोणीतरी एकदा समजावून सांगा.

बाबा म्हणतात दुरुस्त करायची. मी म्हणते बदला. आई म्हणते मला नका विचारू. रोज जेवताना हाच विषय. मी कारखान्यात दिवसभर खोकी मोजायची, सुटल्यावर गॅरेज, मग आईचा गुडघा शेकायचा, आणि ताटावर बसलं की बाबा विचारणार, "मग तो आल्यावर काय चालवेल?" माझा घास तिथेच अडकतो.

का अडकतो, ते तुला चांगलं माहीत आहे.

बघूयाने मला गॅरेजमध्ये कशाला बोलावलं होतं, ते आधी सांगते. इंजिनातलं तेल त्याने मला दाखवलं. तेल कसलं, चिखलच. तो म्हणाला, ही गाडी कोणी उभ्या उभ्या चालू करत होतं का? थोडा वेळ जागेवर चालू ठेवून बंद केली की इंजिन पुरतं तापत नाही, आत पाणी धरतं. रस्त्यावर पळाली की ते उडून जातं. उभीच राहिली की साठत जातं. वर्षानुवर्षं असं केलं की दुसरं काय होणार? बाबा तेव्हा बाहेर टायर बघत होते. असं करायला कोणी सांगितलं होतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. आणि दुसरंही सांगितलेलं नाही. तुम्ही तिकडे स्वतःचं घर घेतलंत ते. तू मला कारखान्यात फोन करून सांगितलंस, आनंदाने सांगितलंस, मीही आनंदाने ऐकलं, आणि शेवटी म्हणालास, "ताई, आता परत यायचं काही होणार नाही. बाबांना तूच हळूहळू सांग, ते तुझं ऐकतात." ते माझं काय ऐकतात रे? एक सीट मला हलवता येत नाही.

गाडी दुरुस्त करायची की बदलायची हा प्रश्न सोपा आहे. तू येणार नाहीस एवढं बाबांना कळलं की तो प्रश्नच उरत नाही. ते तू सांगायचं आहेस. येत्या रविवारी, तुझ्या तोंडाने. हवा किती अंश आहे ते नंतर सांगितलंस तरी चालेल.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
ताई


दि. १९ मार्च

ढब्बू,

या वेळी आशीर्वाद लिहायची इच्छा नाही, ते बाकी ठेवते.

पत्र मिळालं म्हणून मोबाइलवर तुझ्या तीन ओळी आल्या. 'नवीनच घ्या ताई. पैशांचं मी बघतो. बाबांना तू समजाव.' मी तुला सविस्तर चार पानं लिहिली आणि तू त्यातून नेमकं तेवढंच वाचलंस जेवढं तुला दूर बसून करता येतं. रविवारी फोन आला. बाबांनी हवा विचारली, तू हवा सांगितलीस. मी समोर बसून तुझ्या आवाजाकडे बघत होते. तू म्हणालास, चला, ठेवतो.

तर आता तुला सांगायची गरज नाही. सांगून झालं. मीच सांगितलं आणि अत्यंत वाईट पद्धतीने सांगितलं.

परवा बघूयाने निरोप पाठवला की काय ते ठरवा, उघडं इंजिन जागा अडवून बसलंय. मी अर्धी रजा टाकून गेले. बाबा माझ्या आधीच पोचले होते. मी आत शिरले तेव्हा ते बघूयाला म्हणत होते की काय लागेल ते सगळं घाला, मुलगा आला की त्याला गाडी लागेल. बघूयाने नेहमीप्रमाणे बघूया म्हटलं आणि सहज विचारलं, "कधी येणार साहेब?" बाबा म्हणाले, "या वर्षी जमेल असं दिसतंय."

माझ्या एका हातात आईच्या औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात वाजणारा फोन, पलीकडून कारखान्यातला साहेब विचारतोय ट्रक का सुटला नाही. आणि बाबांच्या चेहऱ्यावर ते हसू, तू दहावीला पास झालास तेव्हा होतं तसं. माझा तोल गेला.

"बाबा, तो येणार नाहीये," मी म्हटलं. "त्याने तिकडे घर घेतलंय."

गॅरेजमध्ये कोणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं, तेही नेमकं थांबलं.

"केव्हा?" बाबांनी विचारलं.

"झाले सहा-सात महिने."

"स्वतःचं?"

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले. "भाडं वाचलं."

एवढंच. मला वाटलं संपलं. पण बघूयाला बिचाऱ्याला आमच्यामध्ये उभं राहून काय करावं ते कळेना. विषय बदलायला म्हणून तो बोलून गेला, "साहेब, तशीही ही गाडी उभ्या उभ्या चालू करून करूनच गेली." मी डोळे मोठे केले, पण त्याचं लक्ष कुठलं. त्याने बाबांना सगळं समजावलं, तेलाचा डबा दाखवला, बोट बुडवूनही दाखवलं. घराचं ऐकून जो माणूस जागचा हलला नव्हता, तो हे ऐकून टायरच्या चळतीवर बसला.

तेलाच्या डब्याकडे बघत त्यांनी विचारलं, "पंधरा मिनिटं केली असती तर?"

"वेळेचं नाही साहेब. ती हलायला हवी होती."

आम्ही चालत घरी आलो. मी दोनदा म्हटलं, बाबा, तुमची काही चूक नाही, सांगणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "त्याने सांगितलं तसंच केलं मी. एकही रविवार चुकवला नाही." हे ते तक्रार म्हणून म्हणाले नाहीत. माझ्याकडून पडताळून घेत होते. मी म्हटलं, नाही चुकवला.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच आईला सांगितलं की ढब्बूने घर घेतलं. आईने विचारलं किती खोल्या आहेत. मी म्हटलं तीन. मग तिने घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. एवढा वेळ ओट्याशी उभी राहिली आणि गुडघा दुखतो म्हणून एकदाही म्हणाली नाही.

मला तुझा राग घराचा नाही. घर घेतलंस, चांगलं केलंस, तिथे तुझं बस्तान आहे. राग याचा आहे की तू येणार नाहीस हे तुझ्या वतीने मला सांगावं लागतं, आणि तू येणार आहेस म्हणून इथे जे जे जपून ठेवलंय त्याच्या कडेकडेने मला राहावं लागतं. तुझी खोली, तुझी गाडी, तुझं माप. मी इथेच आहे, रोज आहे, आणि गाडीत बसायला मला उशा लागतात.

लिहून टाकलं. फाडणार नाही.

ताई


दि. २७ एप्रिल

चि. ढब्बूस,
ताईचे अनेक आशीर्वाद, मागच्या वेळचे राहिलेले धरून.

तू बाबांना वेगळा फोन केलास, स्पीकरशिवाय, हे मला आईकडून कळलं. काय बोललात ते बाबा सांगत नाहीत. मीही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले होते, असं आई म्हणाली. तू सांगितलंस हे बरं केलंस. उशिरा केलंस, पण केलंस.

आता गाडीचं. मेहुण्याची ती डॉक्टरांची गाडी आम्ही बघून आलो. पांढरी, छोटीशी, दारं एका हाताने लागतात, आत थंडगार हवा. मला इतकी आवडली की काय सांगू. मी मनातल्या मनात तिला कारखान्याच्या आवारात लावूनही आले. बाबा आत बसले, तिची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, खाली उतरले आणि म्हणाले, "चांगली आहे." मला वाटलं, सुटलो. मग बघूयाकडे वळून म्हणतात, "ती आमची जुनीच दुरुस्त करा."

मी कपाळावर हात मारून घेतला. रस्त्यात त्यांना विचारलं, आता कोणासाठी? तर म्हणाले, समोर बघून चाल. घरी आईनेही विचारलं. तिला म्हणाले, गोळी घेतलीस का. मी चार दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. मला खरंच वाटलं की अजूनही ही दुरुस्ती तुझ्यासाठीच चालली आहे.

दुरुस्तीला जो वेळ लागला त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. एक भाग आला तर दुसरा नाही, दुसरा आला तर तो भलत्याच गाडीचा. आमच्या नाकी नऊ आले. बाबा रोज गॅरेजमध्ये जाऊन बसायचे आणि बघूयाला प्रश्न विचारायचे. शेवटी शेवटी बघूयाच मला फोन करून म्हणायचा, ताई, साहेबांना घेऊन जा ना.

गेल्या रविवारी गाडी मिळाली. आईलाही नेलं होतं. मी सवयीने घरून दोन उशा घेतल्या होत्या. बाबांनी त्या बघितल्या, माझ्या हातातून काढून आईला दिल्या आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून खाली वाकले. सीटखालचा दांडा ओढला. हलेना. नऊ वर्षांत कोणी हलवलीच नव्हती, ती गंजून बसलेली. बघूया म्हणाला सरका, मी करतो. बाबा म्हणाले नको. त्याच्याकडून तेल घेतलं, घातलं, थोडं थांबले, पुन्हा ओढलं. कुरकुरत, अडत, एकेक खाच करत सीट पुढे आली. बाबा उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि सदऱ्याच्या बाहीला काळं लागलं होतं.

"बस," ते मला म्हणाले. "पाय पोचतात का बघ."

पोचले रे. अगदी नीट पोचले. मी आरसा सारखा करत बसले.

बाबा माझ्या शेजारी, आई मागे दोन्ही उशांवर ऐसपैस. निघालो. बाबांना गाडी येत नाही, पण शिकवता सगळं येतं. ब्रेक, हळू, तो सायकलवाला बघ, आता वळ. मी दात आवळून चालवत होते. दहा मिनिटं झाली असतील, बाबांनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा हात आपोआप किल्लीकडे गेला. भर रस्त्यात. मी त्या हातावर चापट मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना मारलं. आई मागे एवढी हसली की तिला ठसका लागला. बाबाही ओशाळून हसले, हात मांडीवर घेतला आणि म्हणाले, "जाऊ दे पुढे."

मग आम्ही पुलाच्या त्याच चढावरून गेलो. मी गिअर आधीच खाली घेतला. गाडी कुरकुरली, पण चढली. पलीकडे उतार लागल्यावर बाबा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "व्हॅन तू चालवतेस ना. हात बसलाय तुझा." मी व्हॅन चालवायला लागले त्याला पाच वर्षं होतील. तेवढ्यात आई म्हणाली, गाडी चांगली झाली, पण रंग अजून तोच आहे.

तर हा खटारा आता माझ्या गळ्यात पडला आहे. डावीकडच्या दाराची काच अर्धीच उतरते, वळताना मागे काहीतरी खुळखुळतं, आणि ती पांढरी गाडी मला अजून स्वप्नात दिसते. पण आई दवाखान्यात वेळेवर पोचते, आणि मी कारखान्यात गाडीने जाते. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, आज किती चालली. मी सांगते. ते मान हलवतात.

सोबत गाडी माझ्या नावावर करायचे कागद पाठवते आहे. बाबांनी स्वतः आणले, आणि तू जिथे जिथे सही करायचीस तिथे पेन्सिलने बारीक खुणा केल्या आहेत. सगळ्या सूचना वाचून मगच सही कर, असं सांगायला त्यांनी सांगितलं आहे.

तू येशील तेव्हा गाडी हवी तितके दिवस घे. सीट मागे करून देईन, आता ती हलते. मात्र उतरताना पुन्हा पुढे करून ठेवायची.

आणि रविवारी सकाळी फोन करू नकोस, आम्ही गाडी घेऊन बाहेर पडलेले असू. संध्याकाळी कर, आणि सवडीने कर.

तुझ्या सहीची वाट पाहणारी,
तुझी ताई